वयोगट वेगळे काढले की चित्र बदलतं

कोविडमुळे रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी लस घेतलेली होती, म्हणजे लस कुचकामी, असं काही जण म्हणतात. त्याला 'आधी लोकसंख्येतलं लसीकरणाचं प्रमाण पाहा' असं उत्तर दिलं जातं. ते बरोबर आहे, पण पुरेसं नाही. वय राहून जातंय. ऑगस्ट २०२१ मध्ये इस्रायलमधल्या गंभीर रुग्णांपैकी सुमारे ६० टक्के लोकांचे दोन्ही डोस झालेले होते. लसीकरणाचं प्रमाण धरून हिशेब केला तरी गंभीर आजारापासून संरक्षण जेमतेम दोन तृतीयांश निघत होतं. पन्नाशीच्या आतले आणि पुढचे असे दोन गट वेगळे केले, तर दोन्हीकडे ते ८५ टक्क्यांच्या वर गेलं!

कारण साधं आहे. लस न घेतलेल्यांत तरुण जास्त होते, आणि तरुणांना गंभीर आजार मुळातच कमी होतो. ज्येष्ठांनी मात्र बहुतेकांनी लस घेतली होती. सगळ्यांची एकत्र बेरीज केली की लसीचा परिणाम वयाच्या धोक्याखाली झाकला जातो. म्हणून दोन प्रदेशांचे आकडे शेजारी ठेवताना, निदान मृत्यू आणि गंभीर रुग्णांचे तरी, वयोगटानुसारच बघा. नुसत्या एकूण टक्केवारीवरून लोक लस टाळतात, याचं फार वाईट वाटतं.