वऱ्हाडातल्या इंग्रजकालीन कलाल्या नेमक्या कुठं होत्या, हे शोधायचं कसं?

पांढरी_गावठाण:
इंग्लंडात व्हिक्टोरियाकाळातल्या बंद पडलेल्या पबच्या आणि बीअरहाऊसच्या घरागणिक याद्या लोक करतात. तशीच यादी अचलपूर-परतवाड्याकडच्या कलाल्यांची (म्हणजे देशी दारूच्या दुकानांची) आणि शिंदीच्या दुकानांची करायची आहे, 1853 ते 1938. गॅझेटियरात जिल्ह्याचा एकूण आकडा मिळतो, गावाचं नाव नाही. पुढं कुठं पाहावं?

मोडीवाला:
भाऊ, आधी एक फरक ध्यानात घ्या. तिकडं परवाना घराला चिकटलेला असतो. आपल्याकडं मंजुरी गावाला, गुत्ता (दारूविक्रीचा मक्ता) लिलावात ज्याला सुटेल त्याला. गुत्तेदार बदलला की जागाही बदलू शकते. म्हणून इमारत शोधत बसू नका. वर्ष, गाव, गुत्तेदार, रक्कम अशी वही करा आणि जागेचा रकाना शेवटी भरा. बाकी तिकडचंही सोपं नाही. 1830 च्या कायद्यानं 2 गिनी भरून अबकारी खात्याकडून बीअरहाऊसचा परवाना मिळे, मॅजिस्ट्रेटची परवानगी लागत नसे. 1869 पर्यंत हेच चाललं, त्यामुळे कोर्टाच्या दप्तरात ती घरं दिसत नाहीत. गावाच्या डिरेक्टरीतही बऱ्याचदा माणसाचं नाव आणि 'बीअर विक्रेता' एवढंच.

आता दप्तर. 1903 पर्यंत वऱ्हाडचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटाखाली (निजामाच्या दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीखाली) होता, म्हणून त्या काळासाठी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल'वर परराष्ट्र खात्याच्या फाइली पाहा. नंतरचं नागपूरच्या पुराभिलेखागारात. शोधताना जिल्ह्याचं जुनं नाव टाका, नाहीतर काहीच सापडत नाही: 1905 पर्यंत एलिचपूर (अचलपूर), बाशिम (वाशिम) आणि वून (वणी) हे वेगळे जिल्हे होते. 'अबकारी'ची इंग्रजी स्पेलिंगं तर चार-पाच तऱ्हेची. कलाल, कलार, शिंदी, सेंदी सगळं टाकून पाहा.

कागदावर फसली सन (जुनं महसुली साल) असेल तर दक्षिणेकडच्या फसलीत 590 मिळवा. फसली 1300 म्हणजे 1890-91. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नाही आणि शब्द तोडलेले नसतात. 'शिंदी' दिसलं की ते दुकान, झाड की आडनाव, हे पुढच्या-मागच्या ओळीवरून ठरवा.

जुना_नकाशा:
परतवाडा ही छावणी होती हे विसरू नका. तिथल्या बाजाराचे कागद तहसिलीत नसून लष्करी फाइलींत असू शकतात.

गावठाणाच्या नोंदीसाठी भूमी अभिलेखकडून जुना नकाशा आणि तहसिलीतून कोतवाल बुक (गावच्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही) मागा. पण कोतवाल बुकात जात असते, धंदा असेलच असं नाही. कलार म्हणजे दारूवाला असा हिशेब केला की यादी गेलीच. कित्येक कलार घराणी शेती-सावकारीत होती, आणि गुत्ते पारश्यांनीही घेतलेले आहेत.

पांढरी_गावठाण:
'भट्टीचा नाला' असं नाव गावात आहे. पुरावा धरू का?

जुना_नकाशा:
एकट्यानं नाही. परटाची भट्टी, चुन्याची भट्टी, विटांची भट्टी, सगळ्या भट्ट्याच. दारूची असेल तर जवळ पाणी लागतंच, कारण मोहफुलं आधी पाण्यात आंबवायची आणि भट्टीवर वाफ थंड करायलाही पाणी. सोबत राखेचा थर आणि जळकी खापरं दिसली तर वजन वाढतं. पण हे फक्त दुकानदार स्वतःच गाळायचा त्या काळापुरतं, म्हणजे आउटस्टिल पद्धतीपुरतं. 1905-06 च्या अबकारी समितीनंतर ती पद्धत आवरती घेऊन एका ठिकाणी गाळलेली दारू दुकानांना पुरवण्यावर भर आला. तशा दुकानाला पाणी लागत नाही, खूणही राहत नाही. तिथं कागदच हवा.

मोडीवाला:
म्हाताऱ्या माणसांना 'दारूचं दुकान कुठं होतं' असं थेट विचाराल तर 'आमच्या गावात नव्हतंच जी' हेच उत्तर येईल. कलालीचा रस्ता कोणता, बोली कुठं लागायची, शिंदीबन कोणाच्या बांधाला, असं विचारा. आणि 1938 चा दारूबंदी कायदा सगळीकडं एकदम लागू झाला नव्हता. तुमच्या तालुक्यात केव्हा लागला ते राजपत्रात पाहून मगच शेवटचं वर्ष टाका.

नकाशा लोकांना दाखवाल तेव्हा आजच्या घरमालकाचं नाव त्यावर नको.