बर्फाच्या दिवसांत तोगाकुशीला सोबा खायला जावे का?

वाटसरू:
येत्या फेब्रुवारीत आम्ही दोघे टोकियोला जाणार असून, त्यातला एक दिवस नागानोजवळच्या तोगाकुशी या डोंगरी गावी सोबा, म्हणजे कुट्टूच्या (बकव्हीटच्या) पिठाच्या शेवया, खाण्यासाठी राखून ठेवावा असा विचार आहे. एवढ्या बर्फात बसने जाणे जमते का, आणि पत्नी शाकाहारी असल्याने तिला तिथे काय खाता येईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

रानवाट:
अवश्य जा. शिनकान्सेन या बुलेट ट्रेनने नागानो साधारण दीड तासावर आहे आणि तिथून चुशा देवस्थानापर्यंत बसला सुमारे एक तास लागतो. हिवाळ्यात फेऱ्या कमी असतात, तेव्हा परतीची वेळ उतरल्याबरोबर पाहून ठेवा. त्या दिवसाचा सोबा संपला की दुकाने दुपारीच बंद होतात, म्हणून आधी जेवण आणि मग भटकंती.

बाहेर गुडघाभर बर्फ असताना गार सोबा कशाला, असे मलाही वाटले होते. पण गरम रश्श्यात तो लवकर मऊ पडतो आणि कुट्टूचा खरपूस वास दबून जातो, म्हणून पहिल्यांदा गारच मागवा. इथे तो बांबूच्या गोल, पसरट रोवळीवर पाच-सहा लहान जुड्या करून मांडतात. या मांडणीला बोच्चीमोरी म्हणतात. पाणी पुरते निथळू न देताच वाढत असल्याने प्रत्येक जुडी ओलसर चमकत असते. शेवटी सोबा उकळलेले पाणी, म्हणजे सोबायू, येते. ते उरलेल्या त्सुयूत, म्हणजे सोबा बुडवून खायच्या सॉसमध्ये, ओतून प्यावे. त्या पांढरट, दाटसर घोटाने गारठलेल्या बोटांपर्यंत ऊब पोहोचते.

शिदोरी:
शाकाहाराबाबत सावध राहा. जुवारी सोबा निव्वळ कुट्टूचा असतो आणि निहाचीत दहापैकी दोन भाग गव्हाचे पीठ असते, त्यामुळे अडचण सोब्याची नाही, त्सुयूची आहे. त्यात बहुतेक ठिकाणी कात्सुओबुशीचा, म्हणजे वाळवलेल्या माशाचा, अर्क असतो. मीठ, वासाबी आणि सोबत नेलेला साधा सोया सॉस यांवर माझे जेवण उत्तम झाले. कुट्टूची ॲलर्जी मात्र जीवघेणी ठरू शकते. तशी शंका असल्यास हा बेत करूच नये.

वाटसरू:
मनापासून आभार. जेवणानंतर ओकुशा या आतल्या देवस्थानापर्यंत चालता येईल का?

रानवाट:
ती वाट सुमारे दोन किलोमीटरची असून हिवाळ्यात बर्फाखाली जाते, त्यामुळे स्नोशूज लागतील. निम्म्या वाटेवर गवताने शाकारलेला झुइशिनमोन दरवाजा लागतो आणि त्यापलीकडे चारशे वर्षांहून जुन्या सुगी (जपानी देवदार) वृक्षांची रांग सुरू होते. परतीच्या बसला वेळ कमी असेल, तर तेवढे पाहून मागे फिरा.