माशांच्या जागेचं ‘ऑफसेट’: भरपाई, प्रतिपूर्ती की आणखी काही?

कळंबाकाठ:
मंडळी, एका शब्दापाशी अडले आहे. नदीवर काम करणाऱ्या आमच्या छोट्या गटासाठी कॅनडाच्या मत्स्य कायद्यावरचं टिपण मराठीत आणतेय. नळ नदी ओलांडून न्यायचा तर पात्र खणावं लागतं, माशांची जागा (टिपणात मी ‘अधिवास’ लिहिलंय) बिघडते. तिथला क्रम असा: आधी नुकसान टाळा, टळत नसेल तर कमी करा, आणि एवढं करूनही जे उरेल त्याच्या बदल्यात माशांसाठी दुसरीकडं जागा तयार करा किंवा बिघडलेली सुधारा. ही शेवटची पायरी म्हणजे ‘ऑफसेट’.

मी ‘भरपाई’ लिहिलं. गटातल्या एका ज्येष्ठांनी ते खोडून ‘प्रतिपूर्ती’ केलं. त्यांचं म्हणणं, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर कोल्हापुरात भरपाई म्हटलं की पंचनामा आणि खात्यावरचे पैसेच डोळ्यांपुढं येतात. ते पटतं. पण प्रतिपूर्ती मला टोचतो. ‘ऑफसेट’ तसाच ठेवावा म्हटलं, तर आमच्या घरात त्याचा अर्थ एकच, लग्नपत्रिका छापतात ते दुकान. काय करू?

शब्दसाधक:
प्रतिपूर्ती योग्य आहे. प्रति + पूर्ती, जे उणं झालं ते पुन्हा पूर्ण करणं. नवा शब्द सुरुवातीला टोचतोच. ‘महापौर’ही कधी नवा होता, आज रंकाळ्यावर भेळ खाणारा माणूसही सहज म्हणतो.

पेन्शनर:
साधकसर, प्रतिपूर्ती आधीच दुसऱ्या कामाला लागलाय. सरकारी नोकरीत वैद्यकीय बिलांच्या प्रतिपूर्तीसाठी किती हेलपाटे घातले ते मला विचारा. आपण खर्च करायचा आणि नंतर कार्यालयाकडून तो परत मिळायचा, याला प्रतिपूर्ती म्हणतात. म्हणजे पुन्हा पैसेच. शिवाय वनखात्याच्या कागदांत ‘पर्यायी वनीकरण’ रुळलंय. त्याच धर्तीवर ‘पर्यायी अधिवास’ का नको?

कळंबाकाठ:
काका, ‘पर्यायी’त मोडलेल्याचं ओझं उतरत नाही असं वाटतं. पर्यायी रस्ता म्हणजे पहिला बंद, दुसऱ्यानं जा. आपण काही मोडलंय आणि म्हणून देणं लागतो, हे त्यात कुठंच येत नाही.

फ्रेझरकाठचा कोल्हापुरी:
मी कॅनडातच राहतो म्हणून थोडी भर. १९८६ च्या धोरणात इथं तत्त्व आलं, माशांच्या जागेची ‘निव्वळ हानी नको’. २०१२ ला कायदा सैल केला, २०१९ ला जागेचं संरक्षण परत आणलं. एडमंटन ते बर्नाबी अशी तेलाची दुसरी वाहिनी, नवा भाग सुमारे ९८० किलोमीटर, मे २०२४ मध्ये सुरू झाली. वाटेत ओढे-नद्या पुष्कळ. काही ठिकाणी पात्राच्या खालून आडवं भोक पाडून नळ नेतात, म्हणजे पात्राला हात लागत नाही. पण सगळीकडं जमीन तशी साथ देत नाही. मग पाणी तात्पुरतं अडवून, बाजूनं पंपानं काढून चर खणतात.

सामन मासा खडीत खळगा करून अंडी पुरतो. खडीच्या फटींतून वाहतं पाणी मिळालं तरच ती जगतात. खोदाईचा बारीक गाळ त्या फटींत बसला की अंडी गुदमरतात. म्हणून बदल्यात करायची कामंही तशीच असतात: विणीसाठी खडी घालणं, बुजलेला बाजूचा फाटा पुन्हा वाहता करणं, काठावर झाडं लावणं, रस्त्याखालच्या ज्या मोरीतून मासा वर चढू शकत नाही ती बदलणं. कंपनीनं काम अर्धवट सोडलं तर सरकारला ते पुरं करता यावं म्हणून आधीच बँकेचं हमीपत्र घेतात. नुसता चेक देऊन सुटका नाही. म्हणून ‘भरपाई’ मलाही अपुरा वाटतो.

शब्दसाधक:
निव्वळ की नक्त? हिशेबात ‘नक्त’ जुना शब्द आहे.

पेन्शनर:
नक्त आता ताळेबंदापुरता उरला. निव्वळच ठेवा.

भोगावतीचं पाणी:
ताई, आमच्या गावात वड्यातनं पाण्याच्या स्कीमचा नळ नेला तवाची गोष्ट. जेसीबी आला, दोन दिवसांत चर काढून झाली, बुजवताना वड्याचा तळच बदलला. आधी तिथं कपारी हुत्या, गोटं हुतं, मिरगाचा पाऊस पडला की चढणीचं मासं तिथनंच वर जायचं. पोरं बुट्टी लावून बसायची. आता सिमेंटचा उंबरा झालाय. पाणी वरनं सांडतंय, मासा खाली थांबतोय. कुणी म्हणालं, तळ्यात कटल्याची पिल्लं सोडू, झालं भरून. कटला तळ्यात आणि मासा वड्यात, ह्यात भरलं काय?

शब्दाचं म्हणाल तर आमच्यात ‘पैरा’ हाय. मी तुझ्या भातलावणीला दोन दिवस आलो, तू माझ्या लावणीला दोन दिवस यायचं. पैसं दिलं तर त्यो पैरा न्हाई, ती मजुरी. कामाची फेड कामानंच. फ्रेझरकाठच्या दादांनी सांगितलं त्ये त्येच की.

कळंबाकाठ:
दादा, हे वाचून मी लिहायचं थांबले. पैरा! माझी आजी म्हणायची, “उद्या पैरा फेडायला जायचंय.” आणि ‘फेड’ हे क्रियापदही आपसूक आलं. ऋण फेडणं, पांग फेडणं, पैरा फेडणं. ‘माशांच्या जागेची फेड’ असं वाक्यात घालून पाहिलं: “नदी ओलांडताना झालेल्या उरलेल्या नुकसानीची फेड म्हणून दोन फाटे पुन्हा वाहते केले.” कानाला बरं लागतंय.

शब्दसाधक:
भावना समजते, पण कायद्याच्या मजकुरात ‘फेड’ चालणार नाही. लुगडं फेडणंही आहे. परिभाषेला एकच अर्थ लागतो. आणि पैरा दोन माणसांच्या संमतीनं होतो. माशानं कुठं संमती दिली?

पेन्शनर:
एकच अर्थ हवा तर आधी ‘अधिवास’ बदला. नातीच्या कॉलेज प्रवेशासाठी ‘वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र’ काढलं. माशाला अधिवास म्हटलं की मला तहसील कार्यालयच दिसतं.

शब्दसाधक:
अधिवास त्याहून जुना आहे, काका. प्राणप्रतिष्ठेआधी मूर्तीला जलाधिवास देतात, पाण्यात ठेवतात. माशाला याहून नेमका शब्द कुठला?

तुळशीखोरे:
जलाधिवास तात्पुरता असतो, सर. मूर्ती बाहेर काढतात. माशाला ‘आसरा’ म्हणा. आमच्या डोहाच्या काठी साती आसरा आहेत, शेंदूर लावलेले सात दगड. त्या डोहात कुणी जाळं टाकत नसे. उन्हाळ्यात नदी आटली की सगळे मासे तिथंच येऊन राहत. देवींना आसरा हे नाव त्यावरूनच पडलं असणार.

शब्दसाधक:
नाही. ती आसरा ‘अप्सरा’पासून, निवाऱ्याचा आसरा ‘आश्रया’पासून. रूप एक झालं, मूळ वेगळं.

तुळशीखोरे:
व्युत्पत्ती वेगळी असेल, पण आमच्या आईच्या तोंडी दोन्ही एकच होतं. लोकांच्या मनात दोन शब्द एकमेकांत मिसळले तर ते चूक कसं ठरवायचं? डोह राखला गेला तो त्या मिसळण्यामुळंच.

भोगावतीचं पाणी:
आसरांचा डोह आमच्याकडंबी हुता. साधकसर, संमतीचं म्हणालात. म्हातारं माणूस एकटं असलं तर त्येच्या रानात सगळी जायची, त्यो काय पैरा फेडणार? तरी पैराच म्हणायचे.

फ्रेझरकाठचा कोल्हापुरी:
त्याला इर्जिक म्हणतात ना? काम झाल्यावर जेवण असायचं.

भोगावतीचं पाणी:
इर्जिक येगळं, दादा. त्यात फेड नसती. एका दिवसात रान उरकायचं, मालकानं सगळ्यांस्नी जेवू घालायचं.

कळंबाकाठ:
मसुदा सोमवारी द्यायचा आहे. तूर्त मथळ्यात ‘प्रतिपूर्ती’ राहू दिलाय आणि आत सगळीकडं ‘फेड’ लिहिलंय. ज्येष्ठांशी बोलावं लागेल. ‘अधिवास’ अजून तसाच आहे, आसऱ्याचं डोक्यातून जात नाही.

तुळशीखोरे:
आमच्याकडं पैऱ्याला ‘सावड’ म्हणतात. रक्षा सावडतात तेच हे सावडणं का? दोन्हीकडं चार माणसं गोळा होतात, म्हणून विचारतोय.

शब्दसाधक:
सावडणं म्हणजे वेचणं, गोळा करणं. सावड वेगळा असावा. शेतीच्या अंगानं बघायला हवं.

पेन्शनर:
वेगळा कसा? आमच्या आजोळी सावडीला गेलेले लोक...