डोंगरावर व्ह्यूपॉइंट काढायचाय पण तो दिसायला नको, सुरुवात कुठून करू?

मुलुंडची_टीस्क्वेअर:
आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे, स्टुडिओला (डिझाइनच्या विषयाला) साइट घेतलीये मुंबईच्या नॅशनल पार्कचा मुलुंडकडचा उतार. लोकांनी उभं राहून शहर बघायचं आणि डोंगराला त्रास नको, एवढंच ब्रीफ. मी कॉर्टेन स्टीलचं (मुद्दाम गंजू देतात ते) पुढे झेपावणारं डेक काढलं, पायाखाली काच, वर थोडं गवत. सर म्हणाले हे निसर्गात मिसळत नाहीये, त्याच्या डोक्यावर बसलंय. झालं, परत कोरी शीट. मलबार हिलचा वॉकवे बघून आले, भारी आहे, पण तसंच काढलं तर कॉपीच ना. जुरी, म्हणजे परीक्षकांसमोर डिझाइन मांडणं, पुढच्या शुक्रवारी आहे 😭

मुरूमवाला:
कॉर्टेन आधी खोड. त्याचा गंज एका थरावर थांबतो तो मधेमधे नीट वाळला तर, आपल्याकडे चार महिने ओलं आणि त्यात खारी हवा, गंज चालूच राहतो आणि खाली सगळं लाल ओघळतं.
वॉकवेची कॉपी नको पण त्यातून शिक की, ४८५ मीटर लांब आहे आणि झाडांमधून खांबांवर उचललाय, जमीन सपाट केलेली नाही. तुझ्या उतारावर वरचा मुरूम काढला की खाली काळा पाषाण, मग मोठे खड्डे कशाला, ड्रिल करून अँकर (पाषाणात रोवलेल्या सळया) टाक. उतार कापून भराव घालू नकोस, जुलैत पहिला तोच खाली येतो. आणि फळ्यांमधे फटी ठेव, पाणी जाईल, खालच्या गवताला ऊनही मिळेल.

पायवाट_७:
त्याच पार्कातली कान्हेरी लेणी बघितलीस का, म्हणजे शाळेच्या सहलीतली नाही, आत्ता? लेण्यांबाहेर कातळातच कोरलेले बाक आहेत, पाठ टेकवून बस, समोर जंगल. झाला की व्ह्यूपॉइंट, तोही जवळजवळ २००० वर्षांपूर्वीचा. पाणीसुद्धा वाहून घालवलं नाही, कातळात पन्हळी कोरून पोढीत, म्हणजे कोरलेल्या टाक्यात, साठवलं. मी तर म्हणतो पावसात जा, पन्हळी वाहताना बघ, मग पेन्सिल उचल.
रात्रीचे दिवे अजिबात नकोत, बिबट्यांचं घर आहे ते.

मुरूमवाला:
+१. स्पेनमधे लान्झारोटे बेटावरचं मिरादोर देल रिओ हा व्ह्यूपॉइंट पण बघ, सेझार मानरिके या कलाकाराचा, १९७३. समुद्रापासून पावणेपाचशे मीटर उंच कड्यातच घुसवलंय, येताना नुसती दगडी भिंत दिसते आणि आत शिरलं की एकदम समुद्र. खरी परीक्षा खालून. एलबीएस रोडवरून डोंगराचा फोटो काढ आणि त्यावर तुझं डेक चिकटव, डोंगराची रेष मोडली की नापास.

मुलुंडची_टीस्क्वेअर:
काच गेली, कॉर्टेन गेलं, डेकपण गेलं बहुतेक 😅 पण कातळात दोन बाक आणि एक पन्हळ दाखवली तर जुरी विचारणार डिझाइन कुठंय?

पायवाट_७:
सेक्शन काढ, म्हणजे उभा छेद. प्लॅन (वरून दिसणारा नकाशा) रिकामाच दिसणार, सगळं काम सेक्शनमधे आहे. १:२० स्केलला काढ, आणि बाकावर तुझ्या आजीला बसव, पाय टेकतात का ते आधी बघ.