इनबोर्ड इंजीन ओढत नाही, मग आधी कार्ब्युरेटर खोलायचा? माझं मत: मुळीच नाही

उलटा_नांगर
ओळखीच्या एकाची बोट आहे. 5.7 लिटरचं व्ही-8 पेट्रोल इंजीन, चार बॅरलचा (हवेच्या चार नळ्यांचा) कार्ब्युरेटर, सरळ शाफ्टवर पंखा (प्रोपेलर). दुखणं असं की आयडलिंग झकास, 3000 आरपीएमपर्यंत तक्रार नाही. थ्रॉटल पुढे रेटला की 4200 पर्यंत चढतं, दीड-दोन मिनिटं टिकतं आणि मग खाली खाली येत 2800 वर बसतं. थ्रॉटल मागे घेऊन अर्धा मिनिट दम खाऊ दिला की पुन्हा तोच खेळ पहिल्यापासून. मेकॅनिकने कार्ब्युरेटर उतरवून धुतला, नवं किट टाकलं. काडीचा फरक नाही. आता तोच गडी म्हणतो, कार्ब्युरेटरच नवा घ्या.

इंजीन ओढत नाही म्हटल्यावर पहिला पाना कार्ब्युरेटरला लावायचा ही निव्वळ सवय आहे, तपासणी नव्हे. तो इंजिनाच्या डोक्यावर बसलेला, हाताला लागतो. खोलला की काहीतरी घाण निघतेच, आणि घाण निघाली की आजार सापडल्याचं समाधान मिळतं. खरा खोडा बहुतेकदा टाकीपासून पंपापर्यंतच्या वाटेत असतो. तिथे अंग चोरून, वाकून जावं लागतं, म्हणून कोणी जात नाही.

साधा हिशेब बघा. एवढं इंजीन पूर्ण थ्रॉटलला ताशी 70-80 लिटर पितं, म्हणजे मिनिटाला लिटरहून जास्त. आयडलला ताशी 3-4 लिटर. पाइप निम्मा बुजला तरी आयडलला त्याचा पत्ताही लागणार नाही. म्हणून बांधलेल्या बोटीत थ्रॉटल फुरफुरवून 'इंजीन ठणठणीत आहे' असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आधी करायचं ते एवढंच: बाहेरची छोटी टाकी, तिचा स्वतंत्र पाइप थेट पंपाला, आणि तशीच बोट पाण्यात पूर्ण लोडवर. दम टिकला तर दोष टाकीच्या बाजूला. नाही टिकला तर पुढचं बघू.

जेट_सुई
वाक्य टाळ्या घेणारं आहे, पण पटलं नाही. मोसमात चालणाऱ्या बोटीत पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहतं. हलका भाग उडून जातो, मागे चिकट थर उरतो. तो थर बोटभर जाडीच्या पाइपाला काय करणार? तो बसतो केसाएवढ्या वाटांमध्ये, म्हणजे जेटमध्ये, आयडलच्या पॅसेजमध्ये. लोक कार्ब्युरेटर खोलतात ते हाताला लागतो म्हणून नव्हे, सगळ्या इंधनमार्गात सर्वांत बारीक भोकं तिथे आहेत म्हणून.

दुसरं, 'धुतला' म्हणजे नेमकं काय केलं? वरून स्प्रे मारला की सगळा सुटा करून भिजवला? किटमध्ये गॅस्केटं, निडल-सीट, अ‍ॅक्सिलरेटर पंप एवढंच येतं. कित्येक कार्ब्युरेटरांत पेट्रोल आत शिरतं त्या नटाच्या मागे एक छोटी गाळणी असते, शेंगदाण्याएवढी, पितळी दाण्यांची. ती काळी पडलेली असते आणि तशीच परत बसवली जाते, कारण तो नट कोणी खोलतच नाही. बुजली की लक्षणं हुबेहूब तुमच्या वर्णनासारखी. मग बाहेरची टाकी लावून काय समजणार?

तिसरं म्हणजे तुमच्या हिशेबातच भोक आहे. कार्ब्युरेटरमधल्या फ्लोटच्या वाटीत पेट्रोल मावतं पेलाभर. वाट निम्मी बुजलेली असती तर वाटी 10-15 सेकंदांत रिकामी व्हायला हवी. इथे दीड-दोन मिनिटं टिकतंय. ते कसं?

ठिणगी
तुम्ही दोघंही पेट्रोलात बुडालात. कार्ब्युरेटरचा म्हणून जो दोष सांगितला जातो त्यातला बराचसा इग्निशनचा निघतो. कॉइल गरम झाली की आतली गुंडाळी दगा देते, थंड झाली की पुन्हा शहाणी. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये दमट हवेने हिरवट गंज धरतो. आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या पोटातली अ‍ॅडव्हान्सची वजनं, म्हणजे फेरे वाढले की ठिणगी आधी पाडणारी. ती गंजून अडकली की आयडलचं टायमिंग अचूक दिसतं, वर मात्र ठिणगी उशिरा पडते आणि इंजीन जडच्या जड. टायमिंग लाइट लावून आयडलला खूण बघायची, मग आरपीएम हळूहळू वाढवायचे. खूण सरकत गेली पाहिजे. जागची हलली नाही तर आजार तिथेच. कार्ब्युरेटर खोलण्याच्या निम्म्या वेळात हे होतं आणि एक थेंब पेट्रोल सांडत नाही.

उलटा_नांगर
@ठिणगी, अडकलेली वजनं पहिल्या सेकंदापासून अडकलेली असतात. हे इंजीन दीड-दोन मिनिटं 4200 मारतंय, म्हणजे टायमिंग पुढे सरकतंय. कॉइलचं म्हणाल तर गरम कॉइल निवायला चांगला वेळ घेते, अर्ध्या मिनिटात ताळ्यावर येत नाही. शिवाय ठिणगीचा दोष बहुधा झटक्याने येतो, इंजीन अडखळतं, फटफटतं. इथे आवाज न बदलता फेरे उतरतायत. तुमची तपासणी चुकीची नाही, या केसला लागू नाही इतकंच.

@जेट_सुई, वाटीचा मुद्दा बरोबर आहे आणि तो माझ्याच बाजूचा आहे. वाट कायमची निम्मी बुजलेली असती तर 4200 ला पोचता पोचताच दम सुटला असता. दोन मिनिटं लागतात याचा अर्थ अडथळा चालता चालता तयार होतो. टाकीचा व्हेंट, म्हणजे हवा आत घेणारं भोक, बुजला असेल, कोळ्याने जाळं किंवा कुंभारमाशीने घर केलं असेल, तर पेट्रोल उपसलं जाईल तसा टाकीत व्हॅक्यूम वाढत जातो आणि पंपाला ओढणं जड होतं. टाकीत तरंगणारा कचरा असेल तर तो जोराच्या ओढीने पिकअपच्या (टाकीतून पेट्रोल उचलणाऱ्या नळीच्या) जाळीवर जाऊन चिकटतो, ओढ कमी झाली की गळून पडतो. जुन्या रबरी पाइपाचं आतलं अस्तर इथेनॉलने सुटलं असेल तर ते झडपेसारखं मिटतं, आणि पाइप बाहेरून नव्यासारखा दिसतो. तुमची पितळी गाळणी किंवा बुजलेला जेट मात्र दोन मिनिटं थांबून मग बुजत नाही.

आणि बाहेरच्या टाकीवर भरवसा नसेल तर दोन गेज लावा. पंपाच्या अलीकडे व्हॅक्यूम गेज, पलीकडे प्रेशर गेज. पूर्ण लोडवर ओढ साधारण 2 इंच पाऱ्यापेक्षा जास्त नको, दाब 3 ते 7 पीएसआयच्या दरम्यान हवा. ओढ वाढलेली असेल तर टाकीकडे जा. ओढ ठीक पण दाब पडतोय, तर पंप. दोन्ही ठीक असूनही इंजीन बसतंय, तेव्हा खुशाल कार्ब्युरेटर किंवा इग्निशन उघडा. मी आडवा येणार नाही.

पाणकावळा
इंजीन इंजीन काय चाललंय? पाण्याखाली कोणी बघितलं का? पंख्याला लागणारी ताकद आरपीएमच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. 4500 आरपीएमला पूर्ण ताकद देणाऱ्या इंजिनाला 3000 वर पूर्ण ताकदीच्या जेमतेम 30 टक्के लागते. त्यामुळे दोन सिलिंडर मेलेलं इंजीनही 3000 पर्यंत 'तक्रार नाही' असंच वाटतं. आणि तळाला शिंपले चिकटले, पंख्याच्या पात्याला बाक आला, कोणी पिच (एका फेऱ्यात पुढे सरकायचं अंतर) जास्त असलेला पंखा बसवला, की धडधाकट इंजीनही वर जात नाही. पिच 1 इंच वाढली तर 150-200 आरपीएम सहज जातात.

आणखी दोन गोष्टी. टॅकोमीटर खरं बोलतोय हे कशावरून? मागचा सिलिंडर-निवडीचा स्विच चुकीच्या खाचेत असला तरी काटा रुबाबात फिरतो. आणि हँडल पुढे टेकलं म्हणजे थ्रॉटल पूर्ण उघडला असं नाही. केबल ताणलेली असते. इंजीन बंद ठेवून एकाने हँडल रेटायचं, दुसऱ्याने फ्लेम अरेस्टर (कार्ब्युरेटरवरचं जाळीदार झाकण) काढून वरून डोकवायचं. पुढच्या दोन झडपा सरळ उभ्या झाल्या पाहिजेत. त्याच वेळी हँडल झटक्यात पुढे नेलं की दोन्ही नळ्यांतून पेट्रोलची सणसणीत धार पडली पाहिजे. एकच धार किंवा नुसतं ओघळणं दिसलं तर अ‍ॅक्सिलरेटर पंप गेला. फुकट तपासणी आहे. धागालेखकाच्या केसमध्ये हे कोणी केलंय का?

जेट_सुई
केलेलं नसणार. तेच तर म्हणतोय, कार्ब्युरेटरकडे नीट न बघताच त्याला निर्दोष सोडलाय.

पाणकावळा, तळाचा मुद्दा मात्र इथे बसत नाही. शिंपले दोन मिनिटांनी उगवत नाहीत.

पाणकावळा
मान्य. पण एक्झॉस्टचा होज आतून सुटून मिटत असेल तर? तोही गरम झाल्यावरच गळा आवळतो. इनटेक मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज लावून आरपीएम स्थिर धरायचे. काटा हळूहळू उतरत गेला तर बाहेर जाणारी वाट बंद होतेय. ती तपासणी तुमच्यापैकी एकाच्याही यादीत नाही.

खुल्ला_थ्रॉटल
एवढी चर्चा कशाला? टाकीच्या तोंडाशी जी अँटी-सायफन झडप असते, गोळी आणि स्प्रिंगवाली, ती अडकते. माझीही अडकली होती. काढून फेकली, साधा निपल लावला, बोट उडतेय.

बिल्ज_वास
@खुल्ला_थ्रॉटल, ती झडप उगाच नाही लावलेली. टाकीतली पातळी पाइपाच्या वर असेल आणि पाइप फुटला तर पंप बंद असतानाही टाकी आपोआप बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळातल्या पोकळीत, रिकामी होत राहील. ती झडप ते थांबवते. गाडीत गळालेलं पेट्रोल रस्त्यावर पडतं. बोटीत वाफ जड असल्यामुळे तळाशी साचते आणि एका ठिणगीची वाट बघते. अडकली असेल तर बदला. साफ करून चालढकल करू नका, आणि फेकू तर नकाच.

धागालेखकालाही सांगणं आहे. तुमची बाहेरची टाकी कल्पना म्हणून उत्तम, पण इंजिनाच्या खोलीत ती ठेवून टोपण सैल करणारे लोक मी बघितलेत. टाकी वर उघड्यावर, बांधून ठेवा. पाइप बोटीच्या पेट्रोलसाठीचाच वापरा, त्याला क्लॅम्प लावा. वाफ बाहेर फेकणारा ब्लोअर किमान 4 मिनिटं चालवल्याशिवाय स्टार्टरला हात नको. फ्लेम अरेस्टर काढून डोकवायचं ते इंजीन बंद असतानाच. पेट्रोल कमी पडलं की मिश्रण पातळ होतं आणि इंजीन कार्ब्युरेटरमधून उलटा भडका मारतं, तो भडका आत रोखायलाच ते जाळीदार झाकण आहे. आणि नवा कार्ब्युरेटर किंवा पंप घ्यायची वेळ आलीच तर मोटारीचा स्वस्तातला उचलू नका. बोटीच्या कार्ब्युरेटरमध्ये वाटी भरून वाहिली तर पेट्रोल घशातच उतरेल अशी रचना असते, मोटारीचा ते बाहेर सांडू शकतो.

ठिणगी
हे एक नंबर. शिवाय पातळ मिश्रणावर पूर्ण लोड ओढत राहिलात तर पिस्टन भाजतो. 'बघू किती वेळ टिकतं' म्हणून पुन्हा पुन्हा रेटणं बंद करा. एकदा रेटा, गेज वाचा, मागे या.

उलटा_नांगर
@बिल्ज_वास, सूचना जशीच्या तशी पुढे पाठवली होती. काल बाहेरच्या टाकीवर बोट नेली. टाकी डेकवर बांधून, ब्लोअर चालवून. 4300 ला पोचलं आणि तिथेच राहिलं, थ्रॉटल मागे घेईपर्यंत. पुन्हा मूळ टाकीवर जोडलं, तेच जुनं रडगाणं. भरायचं टोपण सैल करून चालवलं तरी फरक नाही, म्हणजे व्हेंट निर्दोष. राहिले पिकअप, झडप आणि पाइप. नवा कार्ब्युरेटर रद्द.

जेट_सुई
अभिनंदन. पण तुम्ही धाग्यात नियम मांडला होता, एका बोटीचं निदान नव्हे. हीच बोट थ्रॉटल मारताक्षणी गुदमरली असती, किंवा काळा धूर सोडत 3500 लाच अडकली असती, तर तुमची टाकी डेकवर बांधून तुम्ही दिवस वाया घालवला असता. तिथे मी आधी चोक (हवा अडवणारी झडप) आणि अ‍ॅक्सिलरेटर पंपच बघणार, आणि मागच्या दोन बॅरल उघडतात की नाही ते.

उलटा_नांगर
काळा धूर असेल तर मीही चोकच बघेन. पण तेव्हा पाना लागत नाही, डोळे पुरतात. माझा आक्षेप पान्याला आहे.

बिल्ज_वास
ते भांडण चालू द्या. आधी पाइप बदला, तो जुना असेल तर तसाही बदलायचाच आहे. काढलेला पाइप उभा चिरून आत बघा. अस्तर सोललेलं दिसलं तर पिकअपसाठी टाकीला हात लावायची गरजच पडणार नाही. अस्तर शाबूत असेल तर पुढचा नंबर झडपेचा, आणि मग पिकअपचा. टाकी उघडायच्या आधी वॉटर सेपरेटर फिल्टर काचेच्या बरणीत ओता. खाली पाण्याचा थर किंवा काळे कण दिसले तर ते टाकीतूनच आलेत.