मदत हवी आहे : ख्रिस्ताचे प्रायश्चित्त सर्वांसाठी की केवळ निवडलेल्यांसाठी?

सर्वांना प्रभूच्या नावाने सलाम.

कोल्हापुरातील आमच्या मंडळीच्या बुधवारच्या शास्त्राभ्यासात सध्या योहानाचे पहिले पत्र चालू आहे. ख्रिस्त सर्व जगाच्या पापांबद्दल प्रायश्चित्त आहे, हे २:२ मधले वचन वाचून होताच एका मावशींनी बायबल मिटून मांडीवर ठेवले आणि विचारले, "माझा धाकटा भाऊ विश्वास न ठेवताच गेला. प्रभू त्याच्यासाठी मेला की नाही?" पुढच्या बुधवारी उत्तर मला द्यायचे आहे.

अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांनी १८५२ साली येथे सुरू केलेले मिशनकार्य १८७० साली अमेरिकन प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेले, त्यामुळे देवाने तारणासाठी निवडलेल्यांसाठीच ख्रिस्त मेला, हा मर्यादित प्रायश्चित्ताचा सिद्धांत आम्हाला वारशानेच मिळाला आहे (उपदेशात तो क्वचितच ऐकू येतो, ही गोष्ट वेगळी). नेदरलँड्समधील डॉर्ट येथे १६१८-१९ साली भरलेल्या धर्मसभेची भूमिका मला समजते: ख्रिस्ताच्या मरणाचे मोल सर्व जगाच्या पापांना पुरून उरणारे आहे, परंतु त्या मरणाने ज्यांचे तारण साधण्याचा देवाचा संकल्प होता ते निवडलेलेच.

अडचण इंग्लंडचे प्युरिटन धर्मपंडित जॉन ओवेन यांच्या १६४७ सालच्या युक्तिवादाची आहे. ख्रिस्ताने सर्वांच्या सर्व पापांची शिक्षा भोगली असेल, तर कोणाचाच नाश होता कामा नये. अविश्वास आड येतो म्हणावे, तर अविश्वास हेही पापच. सोसायटीचे कर्ज फेडून सातबाऱ्यावरचा बोजा उतरवलेल्या कोणत्याही शेतकऱ्याला हे तत्काळ पटेल. पण इफिसकरांस पत्र २:३ प्रमाणे विश्वासणारेही पूर्वी इतरांसारखेच क्रोधास पात्र होते. कर्ज वधस्तंभावरच फिटले असेल, तर विश्वास ठेवण्यापूर्वी निवडलेल्यांवर तरी क्रोध का राहावा? मला हा आक्षेप ओवेन यांच्या युक्तिवादापेक्षा जड वाटतो. त्यांच्या बाजूने याला काय उत्तर दिले जाते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

दुसरी शंका शब्दाची आहे. आपल्या भाषेत प्रायश्चित्त पापी स्वतः घेतो. मूळ ग्रीक 'हिलास्मोस' मात्र क्रोध शमवणाऱ्या अर्पणाकडे निर्देश करतो. अर्पण सर्वांसाठी, पण त्याचा लाभ विश्वासानेच, असा भेद या शब्दाच्या आधारे करता येईल का? आणि ख्रिस्त सर्वांसाठी मेला, पण विश्वास देव निवडलेल्यांनाच देतो, हा फ्रान्सचे धर्मपंडित मोइझ आमिरो यांचा मध्यममार्ग याहून कितपत वेगळा आहे?

'सर्व जग' म्हणजे यहुद्यांबरोबर इतर राष्ट्रेही, हे स्पष्टीकरण मला माहीत आहे; पण ते मावशींपुढे ठेवण्याचे धैर्य होत नाही. मंगळवारपर्यंत उत्तर मिळाले तर तयारीला वेळ मिळेल.