मदत हवी आहे : गोल्फ, उजवं कोपर आणि चार महिन्यांचं दुखणं

काल चहाचं पातेलं सांडशीत धरून उतरवताना हातातून निसटलं. अंगावर सांडलं नाही हे नशीब. तेव्हाच ठरवलं की आता इथे विचारायचं.

मी ५४ वर्षांची, उजव्या हाताने खेळणारी, राहायला खारघर. बँकेतली नोकरी सोडल्यावर चार वर्षांपूर्वी गोल्फ शिकायला लागले. आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त नौदल अधिकाऱ्यांनी एका रविवारी हातात सेव्हन आयर्न, म्हणजे गोल्फची एक काठी (क्लब), दिली आणि मी त्यात गुंतत गेले. खारघर व्हॅलीचा कोर्स सिडकोचा आहे, सभासदत्व नसलं तरी पैसे भरून खेळता येतं, म्हणून तर मला हा खेळ परवडला. शनिवारी पहाटे डोंगराखाली चालत जायचं, सोबत दोन मैत्रिणी, पायाखाली दव. इतक्या वर्षांत फक्त स्वतःसाठी म्हणून मी केलेली ही पहिली गोष्ट आहे. हे मुद्दाम सांगतेय, कारण "सोडून द्या" हा सल्ला मला मिळून झाला आहे.

दुखणं सुरू झालं मार्चमध्ये. महिलांच्या एका छोट्या स्पर्धेत पहिल्यांदाच नाव दिलं होतं. उत्साहाच्या भरात सलग बारा दिवस संध्याकाळी रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, गेले, रोज दीडशे चेंडू. तिथल्या मॅट झिजलेल्या, खाली सिमेंट. नवव्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला, जे टोकदार हाड बोटाला लागतं त्याच्या जरा खाली, चमक आली. स्प्रे मारून स्पर्धा खेळले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडेना.

एक्स-रेत काही निघालं नाही. डॉक्टरांनी गोल्फर्स एल्बो सांगितलं आणि एप्रिलमध्ये स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. पाच आठवडे इतकं बरं वाटलं की मी पूर्वीसारखी खेळायला लागले. मेच्या शेवटी दुखणं परत आलं, पहिल्यापेक्षा वाईट. आता ते दुसरं इंजेक्शन घ्या म्हणतात, आणि "या वयात गोल्फ कशाला?" असंही म्हणाले. ते वाक्य मला कोपरापेक्षा जास्त लागलं.

सध्या कपडे पिळता येत नाहीत, कणिक मळताना जीव जातो, कुणाशी हात मिळवायचा तर भीती वाटते. दीड महिना क्लबला हात लावलेला नाही, तरी फरक नाही. खेळ पूर्ण थांबवायचा की थोडा चालू ठेवायचा? दुसरं इंजेक्शन घ्यावं का? बाजारात मिळतो तो कोपराचा पट्टा उपयोगी असतो का? आणि यातून बाहेर पडून पुन्हा खेळणारं कुणी इथे आहे का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी दिलंत तरी चालेल.

रानजाई
ताई, वाचून वाईट वाटलं. मला गोल्फमधलं काही कळत नाही, पण सासूबाई अशा दुखण्यावर तिळाच्या तेलाने हलकं मालीश करून गरम पाण्याच्या पिशवीने शेकायच्या. आराम पडायचा. काळजी घ्या.

कडेलोट
बाहेर पडून खेळणारा मी आहे. माझं दुखणं मात्र डाव्या कोपराचं आणि बाहेरच्या बाजूचं होतं, म्हणजे टेनिस एल्बो. मी जन्मात टेनिस खेळलेलो नाही, गोल्फनेच झालं. उजव्या हाताने खेळणाऱ्यांचं डावं कोपर बाहेरून दुखणं हे गोल्फमध्ये अगदी नेहमीचं आहे. उजवं कोपर आतून दुखतं, तेव्हा त्याला गोल्फर्स एल्बो म्हणतात. तुमचं दुसरं दिसतंय. मला पूर्ण बरं व्हायला नऊ महिने लागले. आता आठवड्यातून दोनदा खेळतो.

दशमी
मी फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यात काम करते. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करणार नाही, पण काही गोष्टी नक्की सांगता येतील.

आधी मला विचारायचंय : करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येतात का? मान वळवली की हातात कळ जाते का? मधुमेह आहे का? गेल्या काही महिन्यांत सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन जातीची प्रतिजैविकं घेतलीत का? ती टेंडनला, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीसारख्या भागाला, त्रास देऊ शकतात, आणि मधुमेहात टेंडन सावकाश भरून येतात.

आता मुख्य मुद्दा. मनगट आत वळवणारे आणि तळवा खाली फिरवणारे स्नायू एकाच जागी, त्या आतल्या उंचवट्यावर, येऊन बांधले जातात. इतके दिवस चाललेल्या दुखण्यात तिथे सूज फारशी नसते. टेंडनचे धागे विस्कटलेले असतात, आणि ते पुन्हा नीट जुळायला त्यांच्यावर मोजका, हळूहळू वाढता भार यावा लागतो. तुम्ही दीड महिना विश्रांती घेऊनही फरक पडला नाही, त्याचं कारण हेच. विश्रांतीने कळ शमते, पण टेंडन आणखी कमकुवत होतो आणि परत खेळायला गेलात की पहिल्याच दिवशी तक्रार करतो.

इंजेक्शनबद्दल : २०१३ साली ऑस्ट्रेलियातला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. टेनिस एल्बोचे १६५ रुग्ण होते. स्टेरॉइड घेतलेल्यांना सुरुवातीला छान वाटलं, पण वर्षभरात त्यांच्यातल्या ५४ टक्क्यांचं दुखणं उलटलं. नुसत्या खाऱ्या पाण्याचं इंजेक्शन दिलेल्यांमध्ये हे प्रमाण १२ टक्के होतं. अभ्यास बाहेरच्या बाजूचा आहे, तुमचं आतल्या बाजूचं, तरी तुमची पाच आठवड्यांची गोष्ट त्याच्याशी जुळते. शिवाय आतल्या बाजूला हाडामागूनच मज्जातंतू जातो. मी तुमच्या जागी असते तर दुसरं घेण्याआधी तीन महिने व्यायामाला दिले असते. हे डॉक्टरांशी बोलून ठरवा.

व्यायाम साधे आहेत. पहिले दोन आठवडे फक्त धरून ठेवायचं : हात टेबलावर, तळवा वर, मनगट काठाबाहेर. भरलेली अर्ध्या लिटरची बाटली धरून मनगट सरळ ठेवायचं, ३० ते ४५ सेकंद. असं पाच वेळा, मध्ये दोन मिनिटं थांबून. ते सोसायला लागलं की डाव्या हाताने बाटली वर उचलून द्यायची आणि उजव्याने एकट्याने चार-पाच सेकंद घेत खाली सोडायची. पंधरा वेळा, तीन फेऱ्या. खाली सोडतानाचा भाग खरं औषध आहे, वर उचलताना उजवा हात वापरू नका. तळवा फिरवण्यासाठी घरातलं लाटणं घ्या. एका टोकाला धरून उभं करा आणि सावकाश एका बाजूला झुकू द्या, मग दुसऱ्या. फिजिओकडे पिळायचा रबरी दांडा मिळतो, तो पुढच्या टप्प्याला.

दहापैकी तीन-चार इतकं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या दिवसाइतकंच असायला हवं. वाढलं असेल तर भार कमी करा. हा सकाळचा हिशोब वहीत लिहा.

पट्टा चालेल, पण कोपरावर नाही. हाडापासून दोन-तीन बोटं खाली, स्नायूच्या जाड भागावर. फक्त काम करताना. झोपताना काढायचा. मुंग्या येत असतील तर माझ्या पुढच्या उत्तरापर्यंत लावू नका.

जुनी हिरवळ
तेवीस वर्षं खेळतोय, चेंबूरला आणि बाहेरही. दशमीताईंनी शरीराचं सांगितलं, मी क्लबचं सांगतो.

दुखण्याचं मूळ त्या मॅटमध्ये असणार. गवतावर चेंडूच्या मागे जमीन लागली तर क्लब मातीत शिरतो, ढेकूळ उडतं, आणि तुम्हाला फटका चुकल्याचं कळतं. मॅटवर तोच चुकीचा फटका क्लब घसरून पुढे जातो आणि चेंडू बरा उडतो. चूक लपते, पण खालच्या सिमेंटचा धक्का शाफ्टमधून, म्हणजे क्लबच्या दांड्यातून, सरळ कोपरात येतो. दीडशेपैकी चाळीस फटके जरी असे पडले असतील, तरी बारा दिवसांत किती झाले बघा. परत सुरू कराल तेव्हा रेंजवर चेंडू रबरी टीवर, म्हणजे चेंडू उचलून धरणाऱ्या छोट्या खुंटीवर, ठेवून मारा, चाळीसच्या वर जाऊ नका, आणि रोज तर मुळीच नको.

दुसरं, तुमच्या ग्रिप, म्हणजे क्लबच्या मुठीवरची रबरी आवरणं, किती जुन्या आहेत? चार वर्षांत बदलल्या नसतील तर रबर काचेसारखं गुळगुळीत झालेलं असणार. त्यातून नवी मुंबईची दमट हवा आणि घाम. क्लब हातातून सुटेल या भीतीने माणूस नकळत मूठ आवळतो, आणि ती आवळलेली मूठ म्हणजे कोपरावरचा ताण. आधी कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवून पाहा. तरी घसरत असतील तर बदला, आणि बदलताना एक माप जाड घ्या. पूर्ण जोर दहा धरला तर क्लब चारच्या जोराने धरायचा.

आयर्नचे शाफ्ट स्टीलचे असतील तर ग्रॅफाइटचा विचार करा, पण हा खर्चिक उपाय शेवटी. ट्रॉली मागे ओढत असाल तर पुढे ढकला. मे महिन्यातली जमीन दगडासारखी असते, पावसाळ्यातलं ओलं लांब गवत क्लब पकडून ठेवतं. दोन्हीत कोपर सांभाळायचं असेल तर गवतात अडकलेला चेंडू जोराने काढायच्या फंदात पडू नका, वेजने, म्हणजे चेंडू उंच उडवणाऱ्या क्लबने, फेअरवेवर, म्हणजे कापलेल्या गवतावर, आणा.

आणि सोडू नका. माझ्यासोबत पंचाहत्तरीचे लोक खेळतात.

मूळ प्रश्नकर्ती
तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंत, दोनदा वाचलं. रानजाई, काल शेकलं, बरं वाटलं.

दशमीताई, मधुमेह नाही, मानेचं काही नाही, ती औषधं घेतलेली नाहीत. पण मुंग्या येतात. पहाटे जाग येते तेव्हा करंगळी बधिर असते, आणि फोन कानाला लावून बराच वेळ बोललं की तसंच होतं. डॉक्टरांना हे सांगितलंच नव्हतं, कारण त्याचा कोपराशी संबंध असेल असं वाटलं नाही.

ग्रिप चार वर्षांच्या आहेत. आत्ता उठून हात लावून बघितल्या. खरंच काचेसारख्या.

दशमी
संबंध आहे. कोपर दुमडलेलं राहिलं की हाडामागचा तो मज्जातंतू ताणला जातो. म्हणून फोनवर आणि झोपेत त्रास होतो. पट्टा नको. रात्री कोपराभोवती पंचा सैलसर गुंडाळा, म्हणजे ते पूर्ण दुमडणार नाही. फोन स्पीकरवर ठेवा. टेबलाच्या कडेवर कोपर टेकवून बसू नका. आणि हाडांच्या डॉक्टरांकडे हे लक्षण सांगून एकदा पुन्हा तपासून घ्या. हे टाळू नका. मूठ कमजोर होतेय किंवा बोटं सतत बधिर राहताहेत असं वाटलं तर लगेच जा.

पोळपाट
कणकेचं मी सांगते, ते कुणी बोललं नाही. पाणी घालून नुसती कालवा आणि वीस मिनिटं झाकून ठेवा. मग मळायला निम्मंही बळ लागत नाही. माझा मनगटाचा त्रास यानेच आवरला. कपडे पिळायचे नाहीत, मशीनला द्या नाहीतर पाणी निथळत टांगा.

मूळ प्रश्नकर्ती (ऑक्टोबर)
तीन महिन्यांनी लिहितेय, कारण असे धागे अर्ध्यावर सुटलेले वाचले की मला फार चुकल्यासारखं होतं.

दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. मज्जातंतूची तपासणी झाली, दाब सौम्य निघाला. इंजेक्शन घेतलं नाही. पंचाचा उपाय आठ-दहा दिवसांत लागू पडला, मुंग्या आता जवळजवळ नाहीत. व्यायामाचं मात्र खरं सांगते : पहिले पाच आठवडे काहीच घडलं नाही. रोज संध्याकाळी बाटली घेऊन बसायचं, वहीत आकडा लिहायचा, आणि आकडा तोच. सोडून द्यावंसं वाटायचं तेव्हा कडेलोट यांचे नऊ महिने आठवायचे. सहाव्या आठवड्यात एका सकाळी लक्षात आलं की बाटलीचं झाकण मी न घाबरता उघडलं. त्यानंतर वहीतले आकडे हळूहळू उतरले. सध्या एक किलोचं डंबेल आणि लाल रंगाचा रबरी दांडा चालू आहे.

ग्रिप सगळ्या बदलल्या, एक माप जाड. जुनी हिरवळ, तुमचं म्हणणं शब्दशः पटलं, मूठ आपोआप सैल होते. कोचना स्विंग दाखवला तेव्हा दुसरी गोष्ट कळली. माझी कंबर आणि पाठ वळतच नव्हती, सगळं हातांनी ओढत होते. त्यावर काम सुरू आहे.

सप्टेंबरभर फक्त पुटिंग आणि चिपिंग, म्हणजे होलजवळचे हलके फटके, केलं. मग अर्ध्या स्विंगने वेज, एकाआड एक दिवस वीस चेंडू. गेल्या शनिवारी मैत्रिणींबरोबर पहिल्यांदा नऊ होल चालले, लांबचे फटके फक्त टीवरून मारले. सहाव्या होलला जराशी चमक आली, तेव्हा पुढचे दोन फटके सोडून नुसती चालले. पावसानंतरचा डोंगर अजून हिरवा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी वहीत दोन लिहिलं. आदल्या दिवशीही दोनच होतं.

दशमीताई, लाल दांड्याच्या पंधराच्या तीन फेऱ्या आता सहज होतात. त्याहून कडक हिरव्यावर जाऊ का?

दशमी
जा, पण दहाच्या दोन फेऱ्यांपासून. आणि ज्या दिवशी खेळाल त्या दिवशी दांडा नको.